घरातली तालीम आणि बाजारातली यंत्रे



उसाचे बिल बँकेत जमा झाले की गावात नवीन काय येणार, हे पूर्वी न बघता सांगता यायचे. कोणाची बैलजोडी, कोणाचे इंजिन, कोणाची फटफटी, पुढे पुढे ट्रॅक्टर. गेल्या काही वर्षांत या यादीत ट्रेडमिल नावाच्या यंत्राची भर पडली आहे. ते टेंपोतून येते, चौघेजण ते माडीवर चढवतात, भावकी येऊन बघून जाते. पोरे आठ दिवस त्यावर पळतात आणि महिन्याभरात त्याच्या दांडीवर टॉवेल वाळू लागतात.

आम्ही हे कोणाची टिंगल करण्यासाठी लिहीत नाही. ज्या घरात हे यंत्र येते त्या घरात बहुतेक वेळा आधी एक भीती येऊन गेलेली असते. कर्त्या माणसाच्या छातीत कळ आलेली असते, नाहीतर डॉक्टरांनी रक्तात साखर निघाली म्हणून सांगितलेले असते. ज्याच्या उसाची साखर साऱ्या मुलखाने खावी त्याच्याच रक्तात ती निघावी, हा दैवाचा विनोद म्हणावा लागेल. पण तो एकट्यादुकट्याच्या वाट्याला आलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यात देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख लोक धरले आहेत आणि त्या रोगाच्या उंबऱ्यावर उभे असलेले आणखी १३ कोटी ६० लाख. हे सगळे शहरातले नाहीत.

कारण शोधायला लांब जायला नको. मोट गेली, इंजिनाचे हँडल गेले, आणि आता रात्री पाणी पाजायला बांधावर जाणारा माणूस अंथरुणात पडल्या पडल्या मोबाइलवरून मोटर चालू करतो. ठिबक झाले, दार मोडायला खोरे नको. शेताच्या बांधापर्यंत मोटारसायकल जाते. हे वाईट झाले असे आम्ही म्हणत नाही. मोट हाकलेल्या माणसाला विचारा, तो मोट परत मागणार नाही. पण खाणे मोटेच्या काळचे राहिले आणि कष्ट मोबाइलच्या काळचे झाले, तर हिशेब कुठेतरी चुकणारच.

इथे एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. आपल्या फडात कोयता चालवणारे आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारे जे नवरा-बायको आहेत, त्यांना कोणी व्यायाम शिकवायला जाऊ नये. त्यांना विसावा पाहिजे, पिण्याचे पाणी पाहिजे, वेळेवर दवाखाना पाहिजे. हा लेख त्यांच्यासाठी नाही. तो सावलीत उभे राहून तोड बघणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी आहे.

मग प्रश्न असा की घरात व्यायामाचे सामान घ्यावे का, आणि घ्यायचे तर कोणते?

आमचे म्हणणे सरळ आहे. सामान घेताना ते कोणासाठी घेतो आहोत हे आधी ठरवावे. तरण्या पोराला घरात काही घेऊन देण्याची गरज नाही. त्याला गावची तालीम आहे, शाळेचे मैदान आहे, नदी आहे, मोकळे रान आहे. घरातल्या सामानाची खरी गरज दोघांना: घरच्या लक्ष्मीला आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना. आणि सामान घेताना नेमके या दोघांना कोणी विचारत नाही! दुकानात कोण जाते? थोरले चिरंजीव. कोणते यंत्र पसंत पडते? ज्यावर त्यांचे दंड फुगतील ते.

"बायका दिवसभर राबत्यातच की, त्यांना आणि कसला व्यायाम?" असे आम्हाला एका सभासदाने तोंडावर विचारले. राबतात हे खरेच. पण भांगलताना वाकून, चुलीपुढे, गॅसपुढे उभे राहून, गोठ्यात ओणवे होऊन जे राबणे होते त्याने कंबर झिजते, गुडघे झिजतात. खांदा, पाठ, मांड्या यांत बळ साठत नाही. पाळी थांबल्यावर बाईची हाडे वेगाने पोकळ होत जातात. त्या हाडांना थोपवून धरायला अंगावर थोडे वजन पेलण्याचा सराव लागतो, असे हाडांचे डॉक्टर सांगतात. तो तिने कुठे करावा? तालमीची पायरी तिला चढू दिली जात नाही. मुलींच्या कुस्त्या आता मैदानात होतात ही आनंदाची गोष्ट, पण चाळीस वर्षांच्या काकींना त्याचा काय उपयोग? पहाटे रस्त्याने चालायला जावे तर हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर धावतात, मागे लाल दिवा असतोच असे नाही. शिवाय पाराशेजारी बसलेले चार डोळे असतात, त्यांचे काय करायचे? म्हणून आम्ही म्हणतो, दार लावून जिथे करता येईल तिथे तिचे सामान असावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जे प्रमाण सांगितले ते लक्षात ठेवायला सोपे आहे. मोठ्या माणसाने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे दम लागेल न लागेल अशी हालचाल करावी, म्हणजे झपाझप चालणे आलेच, आणि आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा. पासष्टीच्या पुढच्यांनी तोल सांभाळण्याचा आणि ताकदीचा व्यायाम आठवड्यातून ३ दिवस करावा. आपल्याकडे डॉक्टरने "चालत जा" म्हटले की माणूस पहिले अर्धे ऐकतो. दुसरे अर्धे, वजन पेलण्याचे, कोणी ऐकतही नाही आणि पुष्कळदा सांगतही नाही.

आता यंत्रांकडे वळू.

ट्रेडमिलचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १८१८ च्या सुमारास विल्यम क्यूबिट नावाच्या इंग्रज इंजिनिअराने तुरुंगातल्या कैद्यांना जुंपण्यासाठी पायचक्की काढली. रुंद चाकाला पायऱ्या बसवलेल्या. कैदी त्या तासन्‌तास चढत राहायचे आणि चाक पायाखाली फिरत राहायचे. काही तुरुंगांत त्यावर धान्य दळत, पाणी उपसत, आणि काही ठिकाणी ते नुसतेच फिरे. १८९८ च्या कायद्यानंतर इंग्लंडने ही शिक्षा बंद केली. आता तीच पायचक्की आपण बिलाच्या पैशातून माडीवर नेतो, आणि हिला तर धान्यही दळता येत नाही.

थट्टा बाजूला ठेवू, कारण घ्यायचेच असेल तर डोळे उघडे ठेवून घ्यावे. पहिली गोष्ट, अश्वशक्ती. विहिरीवर ५ अश्वशक्तीची मोटर बसवताना आपण पाटी वाचतो, वायरची जाडी बघतो, स्टार्टर बघतो. पण दुकानातला पोरगा "चार एच्‌पी" म्हणाला की मान डोलावतो. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. चार अश्वशक्तीला तीन हजार वॅटच्या आसपास वीज लागेल, म्हणजे २३० व्होल्टवर १३ अँपिअर. घरातल्या साध्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर पावणेदोन अश्वशक्तीच्या वर काही चालणेच शक्य नाही. मग ही चार कुठून आली? तो आकडा क्षणभराच्या जोराचा असतो. सलग चालताना मोटर किती देते तो आकडा वेगळा असतो आणि तो मुद्दाम विचारावा लागतो. सलग चालीचा आकडा जो सांगत नाही त्याच्या दुकानातून चहा पिऊन परत यावे.

दुसरी गोष्ट, वीज. आपल्याकडे व्होल्टेज सकाळी एक, संध्याकाळी एक. वस्तीवर राहणाऱ्यांना तर हे सांगायलाच नको. ट्रेडमिलच्या पोटात मोटरीबरोबर इलेक्ट्रॉनिक पाटीही असते आणि झटक्यात तीच आधी जळते. स्टॅबिलायझर आणि चांगले अर्थिंग नसेल तर यंत्र घेऊ नये. धान्याची खोली आणि ट्रेडमिलची खोली एक असेल तर उंदीर वायरी ठेवत नाहीत. पट्ट्याखाली ठरावीक काळाने तेल सोडावे लागते, पाचटाची धूळ पुसावी लागते. दुरुस्तीचा माणूस तालुक्यातून येतो की जिल्ह्यातून, आणि येतो की नुसता फोनवर बोलतो, हे आधीच विचारून ठेवावे. यंत्रामागे भिंत नसावी. तोल गेला तर माणूस मागे फेकला जातो, म्हणून मागे पाच-सहा फूट जागा मोकळी हवी. अंगाला अडकवायची बंद करण्याची दोरी असते, ती शोभेची नव्हे. लहान मुलांची बोटे चालत्या पट्ट्यात सापडतात. काम झाले की प्लग काढून टाकावा.

आणि किंमत? ती उसात मोजू. २०२४-२५ च्या हंगामाला केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्यास टनाला ३,४०० रुपये एफआरपी धरली होती, त्यातून तोडणी-वाहतूक गेली. बऱ्यापैकी ट्रेडमिल म्हणजे दहा-पंधरा टन उसाचे पैसे झाले. एकरी ४० टन धरले तर दहा-पंधरा गुंठे. आडसाली ऊस असेल तर त्या गुंठ्यांना सोळा-अठरा महिने पाणी पाजलेले असते! ज्याच्या दारातून मळ्याची वाट जाते त्याने जागच्या जागी चालायला एवढे मोजावे का, याचा विचार त्याने स्वतः करावा.

परंतु आमचा ट्रेडमिलला सरसकट विरोध नाही. ज्या घरातल्या बाईला खरोखरच बाहेर पडणे शक्य नाही, किंवा ज्याला डॉक्टरने ठरावीक वेगाने चालायला बजावले आहे आणि बाहेर चार महिने चिखल आहे, त्याच्या घरी ते यंत्र चैन म्हणता येणार नाही. तेवढ्यापुरते जरूर घ्यावे. फक्त ते माडीवर न नेता तिच्या वावराच्या जागी, खाली ठेवावे. माडीवरच्या यंत्राकडे ती दिवसातून एकदाही जाणार नाही.

गुडघे धरलेल्या माणसाला चालण्याच्या यंत्रापेक्षा जागेवरची सायकल बरी. अंगाचा भार बैठकीवर जातो, सांध्यावर कमी येतो. साध्या सायकलीला वीजही लागत नाही. चाकाला दाब देण्याची रीत दोन प्रकारची असते: एकीत नमद्याचा किंवा रबराचा तुकडा चाकावर घासतो, तो झिजतो आणि आवाज करतो, दुसरीत चुंबकाने दाब येतो, ती मुकाट चालते. थोडे जास्त पडले तरी चुंबकाची घ्यावी. बसून बघितल्याशिवाय घेऊ नये. पायडल खाली गेल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, इतकी बैठक वरखाली होते का ते बघावे. घरात नवरा सहा फूट आणि बायको पाच फूट असेल तर दोघांनीही दुकानात जावे. ज्यांच्या पाठीला त्रास आहे त्यांच्यासाठी टेकायच्या खुर्चीची सायकल मिळते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे हळूहळू फिरवली तरी रक्तातली साखर कमी चढते. मात्र इन्शुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरला विचारून वेळ ठरवावी.

आता आमच्या आवडीचा विषय, लोखंड. एका ट्रेडमिलच्या पैशात दहा घरांची डंबेल होतील. बिडाची, ओतीव वजने घ्यावीत, ती किलोवर मिळतात. प्लॅस्टिकच्या कवचात सिमेंट भरलेली स्वस्त पडतात, पण दोन वेळा आपटली की तडकतात. दांडी आणि चकत्या वेगवेगळ्या दुकानांतून घेऊ नयेत, भोके जुळत नाहीत. आणि चकती अडवणारे नट पिळाचे असावेत, नुसते खोचायचे नसावेत. गावातली पोरे तेलाच्या डब्यात काँक्रीट भरून मध्ये पाइप घालून वजने बनवतात. त्यांच्या हिकमतीचे कौतुक वाटते, पण दोन्ही बाजू सारख्या भरतातच असे नाही आणि डोक्यावर नेल्यावर डबा सुटला तर काय? ते छातीच्या वर नेऊ नये.

घरच्या बाईने एक-एक किंवा दोन-दोन किलोपासून सुरुवात करावी. दहा-बारा वेळा उचलल्यावर "आता पुरे" वाटावे इतके वजन बरोबर. तीस वेळा सहज उचलता आले तर ते कमी झाले, तिसऱ्या वेळीच हात थरथरला तर ते जास्त झाले. ज्यांना विकत घ्यायचे नसेल त्यांनी पाच लिटरचा कॅन पाण्याने भरावा, ते पाच किलो झाले. अर्धा भरला की अडीच. याहून सोपे माप नाही. रबरी पट्टेही मिळतात, दाराच्या कडीला अडकवून ओढायचे. म्हाताऱ्या माणसांना ते चांगले. फक्त उन्हात ठेवले की रबर चिरते आणि तोंडावर फटका बसतो.

लोखंडाच्याही आधी आपल्याकडे लाकूड होते. मुद्गलाची जोडी, करेला, गदा, दगडाचा नाल, साखळीची जड लेझीम, मलखांब. एवढे सामान ज्या मुलखात होते त्या मुलखाने व्यायाम शिकायला टीव्हीवरची जाहिरात बघावी याचे आम्हाला नवल वाटते. कऱ्हाडशेजारच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि ते आले लाल मातीतून. खांदा धरलेल्याला मुद्गलासारखे औषध नाही, असे जुने वस्ताद म्हणत. आम्ही औषध म्हणणार नाही, पण खांदा, मनगट आणि पाठ एकदम हलवणारे इतके स्वस्त साधन दुसरे पाहिलेले नाही. सुतारानेच करून द्यावे. लाकूड वाळलेले असावे, मूठ वेगळी ठोकलेली नसावी, एकाच लाकडात कातलेली असावी. नव्या माणसाला दोन-अडीच किलोची जोडी पुष्कळ. डोक्यावरचा पंखा बघून मगच फिरवावी!

आणि ज्याला काहीच विकत घ्यायचे नाही त्याला सूर्यनमस्कार आहेत. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात त्यांचा जो प्रचार केला तो सातारा जिल्ह्याला नवा नाही. त्याला सतरंजीएवढी जागा लागते.

म्हाताऱ्या माणसांबद्दल दोन शब्द. आजी मोरीत घसरतात, खुब्याचे हाड मोडते आणि पुढचे सहा महिने अख्खे घर खाटेभोवती फिरते. हे आपण घरोघर पाहिले आहे. त्यांच्यासाठी लागणारे सामान म्हणजे एक हात नसलेली भक्कम लाकडी खुर्ची आणि मोरीत भिंतीला बसवलेली एक लोखंडी दांडी. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायचे आणि बसायचे, पाच वेळा, मग आठ, मग दहा. चौकट धरून एका पायावर उभे राहायचे. "आता म्हातारपणी काय पैलवान व्हायचंय व्हय?" असे त्या म्हणतीलच. व्हायचे नाही, मोरीपर्यंत आपल्या पायाने जायचे आहे. प्लॅस्टिकची खुर्ची मात्र यासाठी वापरू नये, ती मागे सरकते.

पोट कमी करणाऱ्या पट्ट्यांवर एक रुपयाही घालवू नये. एका जागची चरबी निवडून काढता येत नाही. कंबरेला हलवणारा पट्टा बांधला म्हणून ती कंबरेचीच जाईल असे शरीराचे काम नसते. विजेचे हलके झटके देणाऱ्या अशाच पट्ट्यांच्या जाहिरातींवर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००२ साली दावे लावले होते. तिथे जे खपले नाही ते आपल्याकडे रात्री अकरानंतर टीव्हीवर खपवले जाते.

ग्रामपंचायतीने देवळामागे उभ्या केलेल्या उघड्या व्यायामशाळांविषयी फार लिहीत नाही. कल्पना चांगली, पण नटबोल्ट कोण आवळणार हे ठरवल्याशिवाय त्या उभ्या करू नयेत. वापरण्याआधी दांडा हलवून बघावा.

रक्तदाब, छातीचे दुखणे, हर्निया, नुकतेच झालेले ऑपरेशन असे काही असेल त्याने आधी डॉक्टरकडे जावे आणि मग दुकानात. उलटा क्रम फार महागात जातो.

शेवटी एक सूचना मांडतो. आपल्या ग्राहक भांडारात खते मिळतात, चहा मिळतो, दिवाळीला कापडही येते. तिथे बिडाची एक, दोन आणि पाच किलोची वजने, साधे रबरी पट्टे आणि मुद्गलाच्या जोड्या ठेवायला हरकत काय? वजने किलोवर विकावीत, नफा भांडाराच्या नेहमीच्या दराने घ्यावा, आणि ज्या सभासदाला हवे त्याच्या बिलातून दोन हप्त्यांत कापावे. मुद्गलाचे काम कार्यक्षेत्रातल्या सुतारांना द्यावे. येत्या वार्षिक सभेत ऐनवेळच्या विषयांत अध्यक्षांच्या परवानगीने हे मांडता येईल. कोणा भगिनी सभासदाने उठून मांडले तर अनुमोदन द्यायला आम्ही पहिल्या रांगेतच बसलेले असू.